घाटात तापणारे इंजिन आणि मॅटखालचा ओलावा

प्रश्न : महोदय, माझ्याकडे नऊ वर्षे वापरातली, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. साताऱ्यातल्या साताऱ्यात ती विनातक्रार चालते. परंतु वाईहून पसरणी घाट चढू लागलो की निम्म्या घाटातच तापमानाचा काटा लाल पट्टीजवळ जातो. गेल्या दोन महिन्यांपासून गाडीत गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि चालकाशेजारच्या सीटपुढची मॅट उचलली तर खालचे कार्पेट ओले लागते. आठवड्याला साधारण अर्धा लिटर पाणी घालावे लागते, मात्र गाडी उभी असते तिथे जमिनीवर थेंबही दिसत नाही. एका मेकॅनिकने कार्पेटमधले पाणी एसीचे असल्याचे सांगितले. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला, आणि तरीही फरक न पडल्याने आता रेडिएटर बदलायला सांगतो आहे. रेडिएटर बदलावा का? पुढच्या महिन्यात वृद्ध आईवडिलांना घेऊन महाबळेश्वरला जायचे आहे. ते सुरक्षित ठरेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रेडिएटर तूर्त बदलू नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. आपण ज्या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजत आहात, त्या बहुधा एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. इंजिनातून कमी होणारे पाणी जमिनीवर न पडता गाडीच्या आत, मॅटखाली जमा होत आहे.

डॅशबोर्डच्या आत हीटरची कॉइल असते. ती म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनातले गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दोन होज पाइपांतून तिच्यात येते आणि परत जाते. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, त्यामुळे ही कॉइल गाडीत आहे याचाच अनेकांना विसर पडतो. परंतु बहुसंख्य गाड्यांमध्ये हीटर बंद असतानाही कूलंट तिच्यातून वाहतच राहते, कारण तिथली झडप पाणी अडवत नाही, फक्त हवेची वाट बदलते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे किंवा नळाचे पाणी घातले गेले असेल, तर क्षार साचून आणि ॲल्युमिनियम गंजून ही पातळ नळ्यांची कॉइल झिरपू लागते. गोडसर वास कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि काचेवरचा तेलकट थर त्याच्याच वाफेचा.

एसीच्या पाण्याचा संशय मात्र अगदीच निराधार नव्हता. एसीची निचऱ्याची नळी तुंबली तर पाणी ह्याच बाजूला कार्पेटमध्ये उतरते. फरक ओळखण्यासाठी ओल्या जागी पांढरा कागदी रुमाल दाबून धरा. एसीचे पाणी रंगहीन, वासहीन असते आणि वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. कूलंट बोटांना बुळबुळीत लागते, वाळल्यावर चिकट होते आणि त्याचा हिरवा, लाल किंवा निळा रंग रुमालावर उतरतो. आपण गेले काही आठवडे साधे पाणीच घालत असल्याने रंग फिकट झाला असेल, म्हणून केवळ रंगावर विसंबू नका. चार दिवस एसी पूर्ण बंद ठेवा; तरीही ओल वाढली आणि कूलंटच्या डब्यातली पातळी उतरली, तर शंकेला जागा उरत नाही.

खात्रीची चाचणी गॅरेजमध्येच होते. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर छापलेल्या दाबाइतका, बहुतेक गाड्यांत सुमारे १ बार, दाब भरतात आणि पंधरा मिनिटे काट्याकडे पाहतात. काटा उतरला आणि इंजिनाच्या कप्प्यात कुठेही ओल नसून पायाखाली ओल वाढली, तर कॉइल किंवा तिचे सांधे दोषी आहेत. झाकणही त्याच पंपाने तपासून घ्यावे. त्याचे महत्त्व आपल्या भागात विशेष आहे : महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी साधारण ९५ अंश सेल्सिअसलाच उकळते, तर १ बार जादा दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गळक्या यंत्रणेत हा दाब टिकतच नाही. शहरात हे जाणवत नाही. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून पुरेसा वारा मिळत नसताना आणि इंजिन पूर्ण जोर लावत असताना, पाण्याची कमतरता आणि दाबाचा अभाव एकदमच उघडे पडतात. रेडिएटरचा पंखा एसी चालू केल्यावर फिरतो का, हेही ह्याच वेळी पाहून घ्यावे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे आणि ती मला मान्य नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो नसल्यास सपाटीवर इंजिन थंड राहते, पेट्रोल जास्त जळते. आणि काही इंजिनांत बायपासची वाट कायम उघडी राहून बरेचसे पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरते, म्हणजे चढावर गाडी उलट अधिक तापते. नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. गाडी वारंवार लाल पट्टीपर्यंत गेली असेल, तर हेड गॅस्केटला, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलला, इजा झालेली असू शकते, आणि तसे असल्यास कॉइल बदलूनही तक्रार राहील. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत राहणे, ही त्याची लक्षणे होत. कूलंटमध्ये सिलिंडरचा वायू शिरतो का, हे पाहणारी निळ्या द्रवाची चाचणी मिळते. द्रव पिवळा झाला तर गॅस्केट उडाली आहे. डॅशबोर्ड उतरवण्यापूर्वी ही चाचणी करून घ्याच, कारण अनेक गाड्यांत कॉइलच्या किमतीहून डॅशबोर्ड उतरवण्या-चढवण्याची मजुरीच जास्त होते.

तेवढा खर्च लगेच शक्य नसेल, तर इंजिनाच्या बाजूने कॉइलकडे जाणारे दोन होज पाइप एकमेकांना जोडून कॉइल वगळता येते. पाइपांची तोंडे नुसती बुजवू नयेत, कारण काही इंजिनांना हा फेरा वाहता लागतो. मात्र पावसाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यात काच गरम हवेने साफ करता येणार नाही, हे ध्यानात ठेवा.

दुरुस्तीनंतर यंत्रणा धुऊन कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावे. भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवून हीटर पूर्ण गरमवर ठेवला, तर अडकलेली हवा निघून जाते. कार्पेट काढून धुवा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड असल्यामुळे लहान मुले व कुत्री ते चाटण्याचा धोका असतो.

वाटेत काटा चढलाच, तर हीटर लावून घाट पार करण्याचा सर्वश्रुत उपाय आपल्या गाडीला लागू नाही. त्याने गरम वाफ थेट काचेवर आणि अंगावर येईल. काटा एकाएकी खाली आला तरी निश्चिंत होऊ नका, कारण पाणी सेन्सरच्या खाली गेले की काटा खोटे सांगतो. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किमान तासभर झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका.

आईवडिलांना नेण्याआधी एकट्याने यवतेश्वरचा घाट चढून या. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, डब्यातली पातळी खुणेवरच असेल आणि मॅटखाली ठेवलेला कागद कोरडा असेल, तर महाबळेश्वरला जायला हरकत नाही.