इंजिनच्या तेलाशिवाय चालणारा टर्बोचार्जर रोजच्या वापराच्या गाडीत दीर्घकाळ टिकेल का?

माझ्या मते, रोजच्या गाडीसाठी असा टर्बो (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र) अजून भरवशाचा मानता येत नाही. नेहमीच्या टर्बोतील तेल केवळ वंगणाचे काम करत नाही, तर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमधील उष्णता सतत बाहेर वाहून नेते, आणि हेच काम बिनतेलाच्या रचनेत सर्वांत कठीण ठरते.

बाजारात मिळणाऱ्या अशा टर्बोंमध्ये सिरॅमिक बॉल बेअरिंग ग्रीसने भरलेली असतात. ते ग्रीस नवे होत नाही; चढावर जोर लावून लगेच इंजिन बंद केल्यास गरम धुराने फिरणाऱ्या टर्बाइनकडील उष्णता आत झिरपते आणि ग्रीस हळूहळू सुकते. शर्यतीच्या गाडीत बेअरिंग वारंवार तपासली जातात, रोजच्या गाडीत मात्र वर्षानुवर्षे कोणी ती उघडत नाही.

हवेच्या पातळ थरावर शाफ्ट तोलणारी फॉइल बेअरिंग मला अधिक आश्वासक वाटतात. विमानांच्या वातानुकूलन यंत्रांत ती अनेक दशके वापरात आहेत, आणि नासाच्या सहभागाने 1999 मध्ये तसा टर्बोचार्जर चाचणीत चालवूनही दाखवला गेला. तरीही प्रत्येक वेळी इंजिन सुरू आणि बंद होताना त्यांत घर्षण होते, आणि शहरातल्या गाडीत हे रोज अनेकदा घडते.