बॉम्ब पडत असताना सामान्य माणसं जगण्याची जिद्द कुठून आणतात? ती वेडी कशी होत नाहीत?

जिद्दीने कोणी वाचत नाही, हे आधी सांगून टाकतो. रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा, १ मार्च २०२२ ला, तिथल्या खार्किव शहरात कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला एक वैद्यकीय विद्यार्थी किराण्याच्या रांगेत उभा असताना हल्ल्यात गेला. जगायची इच्छा त्याला कमी होती का? रांगेत उभा होता म्हणजे संध्याकाळच्या जेवणाचाच विचार करत होता की.

माझी भाची तेव्हा युक्रेनमध्येच, सुमी शहरात होती. मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. रशियाची सरहद्द तिथून पन्नास किलोमीटरच्या आत. आपली सातशेच्या आसपास पोरं तिथे अडकली होती. सायरन झाला की हॉस्टेलच्या तळघरात, थांबला की वर. ३ मार्चला वीज गेली, पाणी गेलं. मग बाहेरचा बर्फ बादल्यांत भरून आणायचा आणि वितळवायचा, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. टीव्हीवर हे नव्हतं की बादलीभर बर्फ वितळला तर पाणी पाव बादलीही होत नाही, आणि ते प्यायचं की संडासात ओतायचं यावरून पोरींची भांडणं लागायची. आक्काने, म्हणजे तिच्या आईने, जानेवारीत पाठवलेलं भडंग उरलं होतं. ते मुठीमुठीने वाटलं. केरळच्या एका मुलीला ते इतकं तिखट लागलं की तिने त्या पाण्यातलं दोन भांडी पाणी संपवलं, त्यावर पुन्हा भांडण.

भाचीकडे मजल्यावरच्या पोरींची यादी होती. तळघरात कोण उतरलं, कोण राहिलं, कोणाला ताप आहे, कोणाच्या फोनमध्ये चार्ज शिल्लक आहे. तिला कोणी नेमलं नव्हतं, तिच्याकडे पेन होतं एवढंच. ती मला नंतर म्हणाली, “मामा, यादी वाचत असले की भीती वाटायची नाही. वाचून झाली की हात कापायला लागायचे.” तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. माणूस त्या क्षणी जगण्या-मरण्याचा विचार करत नाही, पुढचं काम करतो. आणि आपल्यासारखं आणखी कोणीतरी आहे हे कळत राहिलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रशियातल्या लेनिनग्राड शहराला वेढा घातला होता, तेव्हा रेडिओवर कार्यक्रम नसताना नुसता मेट्रोनोमचा, म्हणजे ताल मोजायच्या यंत्राचा, ठोका चालू ठेवायचे. ठोका संथ असला तर धोका नाही, जलद झाला की विमानं आली. १९४१ च्या हिवाळ्यात बऱ्याच जणांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव होता, पण ठोका चालू आहे म्हणजे शहर आहे, एवढं लोकांना कळायचं.

भाची खचली ती बॉम्बने नाही. ७ मार्चला सगळ्यांना बसमध्ये बसवलं आणि शस्त्रसंधी टिकली नाही म्हणून पुन्हा उतरवलं. त्या रात्री तिने फोन घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बस खरंच निघाल्या, पोल्टाव्हा शहरापर्यंत, तिथून रेल्वेने पश्चिमेला, मग पोलंड.

वेडं होण्याबद्दल: १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. त्याआधी तिथल्या सरकारला वाटत होतं की लोक हजारोंनी वेडे होतील, त्यासाठी दवाखान्यांची तयारीसुद्धा केली होती. तेवढे रुग्ण आलेच नाहीत. माणूस वेडा होत नाही, पण जसाच्या तसाही परत येत नाही. आमच्या भाचीला घरातल्या सगळ्या बादल्या अजून भरलेल्या लागतात.

आता आमच्या घरातलं. आक्काचं गाव तासगावजवळ, फेब्रुवारी-मार्च म्हणजे बेदाण्याचा हंगाम. आक्का रोज शेडवर जायची. द्राक्षं डिपिंग करून घेणं, म्हणजे वाळवण्याआधी द्रावणात बुडवणं, जाळीवर पसरणं, मजुरांचा हिशोब, सगळं चालू. “पोरगी तिकडं मरणाच्या दारात आन् ही बेदाणा निवडत बसलीया” असं भावकीत बोलणं झालं. ती फोनवर पोरीला काय विचारायची? “गेल्या साली माल कुठल्या वहीत लिवलाय गं?” भाची सांगते, त्या सगळ्या दिवसांत बरे वाटलेले फोन तेवढेच. बाकी आम्ही सगळे “घाबरू नकोस” म्हणून तिची बॅटरी संपवत होतो. तुमचं कोणी असं अडकलं असेल तर त्याला धीर देऊ नका, काहीतरी विचारा. घरचं, साधं, ज्याचं उत्तर त्याच्याकडेच आहे असं.

पण दाजींचे थोरले भाऊ, आबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पोरगी परत आल्यावर घरी सत्यनारायण घातला, तिथे सगळ्यांदेखत म्हणाले, “फोनवर नुसती रडत हुती. हिंमत लागती. आन् १५ फेब्रुवारीलाच एम्बसीनं निघा म्हटलं हुतं, थांबली कशाला?” थांबली कारण कॉलेज वर्ग ऑनलाइन करायला तयार नव्हतं, हजेरी बुडाली असती, विमानाचे दर भडकले होते. तिकीट काढलं होतं २७ चं, आणि २४ ला युद्ध सुरू होऊन विमानांना आकाशच बंद झालं. आणि रडत होती म्हणजे काय? रडत रडत यादी वाचत होती! सैनिकाच्या हातात बंदूक असते, वर हुकूम देणारा असतो, मागून रसद येते. हिच्या हातात बादली.

सैनिकाला कमी लेखत नाही, आमच्या जिल्ह्यात तर घराघरात फौजी आहे. आणि हेही खरं की हिची एक मैत्रीण सगळे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, एकही काम न करता, आणि त्याच बसने सुखरूप आली. आमच्या पोरांसाठी निदान बस आल्या. हॉस्टेलची देखरेख करणारी बाई तिथलीच, तिला कुठे जायचं होतं? ती मागे राहिली.

इथल्या कॉलेजांनी या पोरांना सामावून घेतलं नाही, भाचीने दुसऱ्या देशात जाऊन उरलेलं शिक्षण पूर्ण केलं. त्यावरही आबांचं मत आहेच. दिवाळीला सगळे जमलो की ते हिंमतीचा विषय पुन्हा काढतील. या वेळी मी त्यांच्यापुढे पाव बादली पाणी ठेवणार आहे आणि म्हणणार आहे, आबा, यात एक मजला चालवून दाखवा.