चिनी आणि युरोपीय भाषांत काही शब्द सारखे का आढळतात?

चहाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते: आग्नेय चीनमधील फूच्येन किनाऱ्यावरचा ‘ते’ हा शब्द डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला, तर पोर्तुगिजांनी मकावमार्गे ‘चा’ नेला. मला मात्र मधाचा शब्द अधिक मोलाचा वाटतो. चिनीत मधाला ‘मी’ म्हणतात. पूर्वी त्याच्या शेवटी ‘त्’ होता आणि तो दक्षिण चीनमधील कॅन्टोनीज बोलीतल्या ‘मत्’ या उच्चारात आजही ऐकू येतो. तारीम खोऱ्यातील, म्हणजे वायव्य चीनच्या आजच्या शिनच्यांग प्रांतातील, तोखारी भाषेतल्या ‘मित’ या शब्दावरून तो आला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोखारी ही इंडो-युरोपीय कुळातील भाषा असल्यामुळे रशियन ‘म्योद’, मधाच्या मद्याला इंग्रजीत असलेला ‘मीड’, संस्कृत ‘मधु’ आणि आपला ‘मध’ हे सारे त्या ‘मित’चेच भाऊबंद ठरतात. चिनीने मात्र तो उसना घेतला.