गीझरचं लाल बटण सारखं ट्रिप होतंय? डायरेक्ट करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की हिंदवाडीतल्या घरचा 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर दोन-तीन दिवसांनी बंद पडतो, मिस्त्री येऊन आतलं लाल बटण दाबतो आणि पुन्हा सुरू होतो. आता तो म्हणतोय, "कटआउट काढून डायरेक्ट करूया की ओ." ते मात्र अजिबात करू देऊ नका.

गीझरमध्ये तापमानावर लक्ष ठेवणारे दोघे असतात. थर्मोस्टॅट रोजच्या कामाचा: 60 वर लावला की तिथं वीज तोडतो, पाणी काही अंश निवलं की आपणच जोडतो. कटआउट एरवी नुसता बसून असतो. थर्मोस्टॅट चुकला आणि पाणी 90 च्या आसपास गेलं की तो ट्रिप होतो, आणि मुद्दामच आपणहून परत लागत नाही. कुणीतरी येऊन कारण बघावं, म्हणून ते बटण. माझा मुलगा कॅनडात असतो. त्याच्या तळघरातला बॉयलर पाणी 80 पर्यंत तापवून खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवतो, त्यालाही हीच जोडी आहे.

आमच्या वडगावच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता, त्याला कुठलं आलंय थर्मोस्टॅट! पण बंबाचं तोंड उघडं. बेळगाव साडेसातशे मीटरवर, त्यामुळे उघडं पाणी इथं 97-98 अंशांनाच उकळतं आणि वाफ निघून जाते. फार तर बंब आटून जोडाची झाळ सुटायची आणि आजीच्या शिव्या बसायच्या. गीझरची टाकी बंद. 8 बार, म्हणजे हवेच्या साधारण आठपट दाबाखाली पाणी 170 अंशांपर्यंतही उकळत नाही. अशी टाकी फाटली तर त्यातलं काही पाणी एका झटक्यात वाफ होतं, आणि वाफेला हजारपटीहून जास्त जागा लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, मान्य. पण क्षार बसून तो अडकलेला मी स्वतः बघितलाय.

आता तुमच्याकडचं कारण शोधूया. घड्याळ लावून बसा. गार पाणी भरलेला गीझर चालू करा, नळ सोडू नका. 20 अंशांचं 15 लिटर पाणी 60 ला न्यायला 2 किलोवॅटच्या कॉइलला साधारण 21 मिनिटं लागतात. 25 मिनिटांत गीझरवरचा छोटा लाइट विझला तर थर्मोस्टॅट तोडतोय. अर्धा तास झाला तरी लाइट तसाच असेल तर स्विच बंद करा: थर्मोस्टॅटचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटलेत असं धरून चाला, तो बदलायलाच हवा.

लाइट वेळेवर जात असेल तर एमसीबी पाडून मिस्त्रीला खालचं झाकण उघडायला लावा. कटआउटच्या टर्मिनलकडे नीट बघा. वायरचं टोक काळं, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं दिसलं तर स्क्रू ढिला आहे. तिथंच गरम होऊन कटआउट फसतो, पाणी बिचारं कोमटच असतं. माझ्या घरी नेमकं हेच निघालं होतं, आणि तोवर मी थर्मोस्टॅट उगीच दोनदा बदलला होता. उद्यमबागेत तीस वर्षं मोटार वाइंडिंग करून हे शहाणपण!

दोन्ही ठीक असेल तर कॉइल बाहेर काढा. तुम्ही राकसकोप जलाशयाच्या नळाबरोबर बोअरचंही पाणी भरता म्हणालात, तेव्हा कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर निघणारच. थराखाली कॉइल जास्त तापते, आणि थर्मोस्टॅटला पाण्याची खबर उशिरा लागते. साफ करून घ्या, गॅस्केट नवीन घाला, पुढे नॉब 55 वर ठेवा. जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. पुन्हा चालू करण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येऊ द्या, नाहीतर कोरडी कॉइल जळेल.

आणि थर्मोस्टॅट फेजमध्येच आहे ना, तेही टेस्टरनं बघायला सांगा. न्यूट्रलमध्ये असेल तर लाइट गेल्यावरही कॉइल फेजला जोडलेलीच राहते, म्हणजे शॉकचा धोका.

लाइट किती मिनिटांनी गेला ते कळवा, मग पुढचं बघू.