शोरूमवाले सांगतात ते गाडीचं मेंटेनन्स पॅकेज घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवी पेट्रोल गाडी घेतली, महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर चालते, शोरूमवाला 3 वर्षांचं किंवा 30,000 किलोमीटरचं पॅकेज, म्हणजे सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ भरायची योजना, 22 हजारांना देतोय आणि "आत्ताच घ्या, नंतर हा रेट मिळणार नाही" म्हणतोय. शेवटी लिहिलंय, "मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून घेऊन टाक असं घरचे म्हणतात." त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

नका घेऊ. तुमच्या वापराला ते परवडत नाही. आणि कळत नाही म्हणून तर अजिबात घेऊ नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेच्या गावाकडे वळलं की डांबर संपतं, पुढे मुरूम आणि मग पांदणीसारखाच रस्ता. उन्हाळ्यात पुढच्या ट्रॅक्टरची धूळ खात जायचं, पावसाळ्यात काळ्या मातीतून गाडी काढायची, आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की हवेत तंतू उडत असतात. गाडी माझी आहे, हप्ते माझ्या पगारातून जातात, चालवतेही मीच.

गाडी घेतल्यावर मी पॅकेजला नाही म्हटलं, ही बातमी घरात पसरली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे जमले होते. माझे दीर नागपूरला असतात, मोठी गाडी आहे, त्यांनी स्वतः पॅकेज घेतलेलं. पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, गाडीतलं तुम्हाले काय समजते? पॅकेज घ्या अन् मोकळ्या व्हा. उद्या इंजिन बसलं म्हणजे दादाले खर्च." माझे यजमान भाताकडे बघत बसले. मला खूप लागलं ते. रोज मुलांना गणित शिकवणाऱ्या बाईला एका पत्रकातला हिशेब कळणार नाही, असं हे लोक कसं काय ठरवतात?

मामाजी, म्हणजे माझे सासरे, मधे बोलले. "त्या पॅकेजात काय काय येते?" दीर म्हणाले, "सगळं येते." मामाजी म्हणाले, "सगळं म्हणजे काय, ते सांग नं." त्यांना सांगता येईना. पत्रक माझ्या पर्समध्येच होतं. मी उठून आणलं आणि ओळीनं वाचलं: इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, वॉशिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डिकार्बनायझिंग (म्हणजे आत साचलेला कार्बन काढणं), आतून ड्रायक्लीनिंग, खालून अँटी-रस्ट कोटिंग, वरून टेफ्लॉन कोटिंग. मामाजींनी ऐकलं आणि म्हणाले, "हे तं लिंकिंग झालं." शेतकऱ्याच्या घरात याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. युरियाची गोणी पाहिजे तर सोबत ही बाटली घ्यावीच लागेल, असं कृषी केंद्रवाला म्हणतो, तसंच. ऑईल आणि फिल्टर ही गोणी. बाकी सगळी बाटली.

तरी दीर अडून बसले. "आपल्या भागात धूळ किती, इथल्या गाडीले तं पॅकेज पाहिजेच." हेच वाक्य मला पुढच्या सर्व्हिसिंगला जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा ऐकायला मिळालं.

तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर आधी बराच वेळ माझ्या यजमानांशीच बोलत होता. "सर, गाडी दोन वर्षांची होत आली, आता हे करून घ्या, ते करून घ्या." यजमानांनी सांगितलं की गाडी मॅडमची आहे, त्यांच्याशी बोला. मग तो माझ्याकडे वळला आणि तीच यादी पुन्हा म्हणाला. मी गाडीचं मॅन्युअल सोबत नेलं होतं. मागच्या बाजूला देखभालीचा तक्ता असतो, किती महिन्यांनी किंवा किलोमीटरनी काय तपासायचं आणि काय बदलायचं, असा. तो उघडून मी म्हटलं, यातलं डिकार्बनायझिंग कुठे आहे दाखवा. ते नव्हतंच. मग तो म्हणाला, "मॅडम, तुमचा एरिया धुळीचा आहे ना, म्हणून."

मी म्हटलं, बरोबर, आणि धुळीसाठी याच मॅन्युअलमध्ये वेगळी सूचना आहे. धुळीच्या रस्त्यावर गाडी जात असेल तर एअर फिल्टर लवकर लवकर बघा, गरज पडली तर मुदतीआधी बदला. तुमच्या पॅकेजात एअर फिल्टर कधी बदलतात? तो म्हणाला, 40 हजार किलोमीटरला. पॅकेज संपतं 30 हजार किलोमीटरला! म्हणजे धुळीच्या नावाखाली विकलेल्या पॅकेजात धुळीची एकमेव खरी वस्तू नव्हतीच.

मी फिल्टर तिथेच उघडायला लावला. मेकॅनिक पोरगा चांगला होता. त्यानं क्लिपा काढल्या, फिल्टर बाहेर घेतला आणि पेपरवर ठोकला. मुरमाच्या रंगाची मूठभर धूळ पडली. कागदाच्या घड्यांमध्ये कापसाचे तंतू नमद्यासारखे बसले होते, त्यात एका नाकतोड्याचा सुकलेला पाय. पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, हा बदलाच." नवा फिल्टर काही शे रुपयांना काउंटरवर मिळाला. तेव्हापासून फिल्टर मी स्वतः उघडून बघते, त्याला पाना लागत नाही. एसीचा फिल्टरही बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, घरी निघतो.

निघताना ॲडव्हायझरनं शेवटचा डाव टाकला. पॅकेज नसेल तर पुढे वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो, म्हणे. हे साफ खोटं आहे. वॉरंटीला लागते ती वेळेवर केलेली, तक्त्यातली सर्व्हिसिंग आणि तिची नोंद. पैसे आगाऊ भरले की दर वेळी भरले, याच्याशी वॉरंटीचा काही संबंध नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं 2014 साली 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, बाहेरच्या मेकॅनिकला उभं राहू द्यायचं नाही, यासाठी. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही आयोगानं त्या आदेशात बजावलं. दंडावर पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण वॉरंटीच्या नावानं कुणी घाबरवलं तर "हे मला जॉब कार्डवर लिहून द्या" एवढंच म्हणा (जॉब कार्ड म्हणजे गाडी सर्व्हिसिंगला दिल्यावर कामं लिहितात तो कागद). मी म्हटलं होतं. त्यानं लिहिलं नाही.

आता तुमच्या 22 हजारांचा हिशेब. बऱ्याच कंपन्यांत सुरुवातीच्या सर्व्हिसिंगची मजुरी फुकटच असते, फक्त ऑईल-फिल्टरचे पैसे लागतात. माझ्या छोट्या पेट्रोल गाडीला पहिल्या वर्षी तीनेक हजार लागले. पुढे दर वर्षी पाच-सहा हजार, जीएसटी धरून. म्हणजे 3 वर्षांचे झाले 13 ते 15 हजार. वरचे सात ते नऊ हजार तुम्ही कोटिंग आणि क्लीनिंगला देणार. गंज ही कोकणातल्या खाऱ्या हवेची काळजी, समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. आपल्याकडे खालून काळी माती चिकटून ओल धरते, ती पावसाळ्यात पाण्याचा जोराचा फवारा मारून काढली की झालं. चांगल्या चालणाऱ्या, तक्रार नसलेल्या नव्या इंजिनाचं डिकार्बनायझिंग कशाला? आणि तुमची गाडी 3 वर्षांत 20 हजार किलोमीटरच्या आसपासच जाईल. पॅकेजवर "जे आधी होईल ते" असं छापलेलं असतं, त्यामुळे उरलेले किलोमीटर बुडाले.

आपल्या रस्त्यांवर खरा खर्च येतो तो अलाइनमेंट, टायर, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड, ब्रेक पॅड, क्लच यांचा. साध्या पॅकेजात यातलं बहुतेक बसत नाही. उंदरानं वायर कुरतडली तर तीही वॉरंटीत बसत नाही, आणि ज्यांच्या घरी कापूस भरलेला असतो त्यांना हे सांगायला नको.

एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे पैसे भरून वाढवलेली वॉरंटीची मुदत, ही वेगळी गोष्ट आहे, तिला पॅकेजमध्ये मिसळू नका. शोरूमवाले दोन्ही एकाच कागदावर मांडतात. गाडी ऑटोमॅटिक किंवा टर्बो असेल तर कंपनीची एक्स्टेंडेड वॉरंटी मी घेईन. तिथे एक पार्ट गेला तरी पन्नास हजारांच्या वरचं बिल येऊ शकतं.

दिरांचं पॅकेज पुढे काय झालं तेही सांगते. त्यांची बदली चंद्रपूरला झाली. तिथल्या सर्व्हिस सेंटरनं त्यांचा कागद बघून सांगितलं की हे कंपनीचं नाही, नागपूरच्या डीलरचं स्वतःचं पॅकेज आहे, इथे चालणार नाही. नागपूरवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत, इथेच गाडी आणा म्हणाले. फक्त ऑईल बदलायला ते चंद्रपूरहून नागपूरला जात होते, टोल आणि पेट्रोल वेगळं. हे मला जाऊबाईंकडून कळलं. दिरांनी स्वतः कधी सांगितलं नाही, आणि पंगतीत बोललेलं मागेही घेतलं नाही. भाऊजी हे वाचत असतील तर त्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की कागद वाचायला मेकॅनिक असावं लागत नाही.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. ज्यांची गाडी वर्षाला पंधरा-वीस हजार चालते, नागपूर-यवतमाळ नेहमीचं आहे, त्यांना कंपनीचं, भारतभर चालणारं, ब्रेक पॅड आणि क्लच धरणारं पॅकेज परवडू शकतं. पार्टचे भाव वाढले तरी त्यांचा दर बांधलेला राहतो. गाडी विकली तर ते नव्या मालकाच्या नावावर होतं का, मधेच बंद केलं तर पैसे परत मिळतात का, हे आधी विचारा. आणि पॅकेज नको म्हणजे सर्व्हिसिंग नको असं नाही. गाडी कमी चालली तरी ऑईल वर्षाला बदलायचंच. वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सेंटरलाच जा, बिलं जपून ठेवा, नंतर गावातला ओळखीचा मेकॅनिक बघा. डिझेल गाडीबद्दल मी बोलणार नाही, मी चालवलेली नाही.

तुम्ही आधीच पैसे भरले असतील आणि एकही सर्व्हिसिंग झालं नसेल, तर आजच लेखी अर्ज देऊन रद्द करायला सांगा आणि पोच घ्या. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. नसतील भरले, तर आज संध्याकाळी मॅन्युअलमधला तो तक्ता काढा, पेन्सिलीनं तुमच्या पुढच्या दोन सर्व्हिसिंगच्या खुणा करा आणि शोरूमचं पत्रक शेजारी ठेवा. तासाभराचं काम आहे. घरचे पुन्हा म्हणाले की तुला काय कळतं, तर त्यांना विचारा ब्रेक फ्लुइड कधी बदलायचं असतं. बहुतेक गाड्यांत 2 वर्षांनी, गाडी कितीही कमी चालली असली तरी.