दोघांना १८ दिवस युरोप बॅकपॅकिंग, साडेचार लाखांत होईल का?

तुम्ही लिहिलंय लग्नाला वर्ष झालंय, दोघंही नोकरीला, सप्टेंबरात १८ दिवस पाठीवर सॅक घेऊन प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, पॅरिस करायचंय, बजेट साडेचार लाख. एक्सेल शीटचा फोटोही टाकलाय. त्यात मला सगळ्यात आधी शेवटचा कॉलम दिसला, ‘इतर – २५,०००’. आमच्या घरात याच कॉलमवरून तीन वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी तुमचं उत्तर देऊन टाकते. आम्ही पण ठाण्याचेच, कासारवडवलीला राहतो. मे २०२३ मध्ये हीच चार शहरं केली, १७ रात्री, दोघांचे मिळून ४ लाख ४० हजार गेले. मुंबईहून जाऊन-येऊन तिकिटं सव्वा लाखाच्या आत, व्हिसा आणि इन्शुरन्स मिळून २२ हजार, बाकी सगळं तिथे. पण तेव्हा युरो ९० च्या आसपास होता, आता १०० च्या वर आहे. व्हिसा फी ८० युरो होती ती जून २०२४ पासून ९० झाली. लूव्र म्युझियमचं तिकीट आम्ही १७ युरोला काढलं, जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या लोकांना ३२ आहे. तर साडेचारात होणार नाही, पाच-सव्वापाच धरा. नाहीतर पॅरिसच्या रात्री कमी करून प्राग-बुडापेस्टच्या वाढवा, तिथे राहणं-खाणं खरंच स्वस्त पडतं.

आता ‘इतर’चं सांगते.

आमचं प्लॅनिंग नवऱ्याने केलं, शीट त्याचीच. त्याने क्रम लावला होता प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि तिथून विमानाने पॅरिस, कारण एका स्वस्त एअरलाइनचं तिकीट माणशी १९ युरोला दिसलं. मी म्हणत होते की बुडापेस्ट आधी करू, व्हिएन्ना नंतर, कारण व्हिएन्नाहून पॅरिसला तेव्हा रात्रीची थेट गाडी होती, नाइटजेट, संध्याकाळी बसायचं आणि सकाळी पॅरिसमध्ये उतरायचं, झोपायचा बर्थ माणशी ७० युरोच्या आसपास मिळत होता. तो म्हणाला ७० कुठे आणि १९ कुठे. मला तेव्हा पटापट आकडे मांडून दाखवता आले नाहीत आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून लागतं.

झालं असं की १९ युरोत फक्त सीटखाली मावेल एवढी छोटी बॅग होती. माझी सॅक कशीबशी बसणारी होती, त्याची नाही, पण त्याचं म्हणणं, कोण मोजतंय. बुडापेस्टला गेटवर एक बाई प्रत्येकाची बॅग त्या मापाच्या लोखंडी सांगाड्यात घालायला लावत होती. माझी दाबून बसली. त्याची वरून चार बोटं बाहेर राहिली. मग तिथेच खाली बसून उपसाउपसी, त्याने एकावर एक दोन जॅकेटं चढवली, चार्जर खिशात कोंबले, सासूबाईंनी दिलेली थालीपीठाच्या भाजणीची दोन किलोची पिशवी माझ्या हातात दिली, मागे रांग खोळंबलेली, आणि तरी सॅकचं खालचं चाक काही आत जाईना. चाकवाली सॅक घेऊ नको म्हणून मी राममारुती रोडवरच्या दुकानात सांगितलं होतं, तेही जाऊ दे. ६५ युरो भरले. भाजणीची पिशवी पॅरिसपर्यंत माझ्या मांडीवर.

विमान ४० मिनिटं उशिरा, उतरलो रात्री पावणेबाराला. आणि उतरलो ते पॅरिसमध्ये नाहीच, बोव्हेला! तिथून पॅरिस साधारण ८५ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे मुंबई-लोणावळा. गायमुखच्या पुढची बिल्डिंग ‘ठाणे’ म्हणून विकतात ना, अगदी तसंच. बस माणशी १७ युरो, सव्वा तासाने तिने पॅरिसच्या पोर्त मायोला सोडलं तेव्हा रात्रीचा दीड, मेट्रो बंद. हॉस्टेल गार द्यू नॉर स्टेशनजवळ, टॅक्सीचे ३० युरो. पाठीवर सॅक घेऊन जिना चढून वर गेलो, डॉर्मच्या दोन बेडचे ७६ युरो आधीच भरलेले होते, त्या बेडवर चार तास झोपलो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ डोकं धरून काढली.

आता हिशोब करा. तिकिटं ३८, बॅग ६५, बुडापेस्टला एअरपोर्टची बस दोघांची १२, इकडची बस ३४, टॅक्सी ३०, चार तासांच्या झोपेचे ७६. एकूण २५५ युरो. माझी गाडी दोघांची १४० युरो, ती सरळ गावात पॅरिस ईस्ट स्टेशनवर उतरवते आणि रात्रीचं राहणं त्यातच. व्हिएन्ना-बुडापेस्ट प्रवास दोन्हीकडे एकदाच होता, म्हणून तो धरलेला नाही. फरक ११५ युरोचा, तेव्हाचे दहा हजारांच्या वर.

पण शीटमध्ये काय दिसतं? ‘विमान: ३८ युरो’. बॅग, दोन्हीकडची बस, टॅक्सी मिळून १४१ युरो गेले ‘इतर’मध्ये आणि ७६ ‘राहणं’मध्ये. त्यामुळे नवरा अजूनही पाहुण्यांना सांगतो की आम्ही १९ युरोत पॅरिसला गेलो, आणि शीट उघडली की तोच बरोबर दिसतो. गेल्या गणपतीत दिराने हे ऐकून तसंच बुकिंग करायचं ठरवलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सगळ्यांसमोर हे आकडे म्हणून दाखवले. नवऱ्याचं म्हणणं, बॅगचा दंड ही चूक होती, तो तिकिटाचा खर्च नाही. मला हे मुळीच पटत नाही. ते तिकीट काढलं नसतं तर तो दंड लागला नसता, ती बस लागली नसती, टॅक्सी लागली नसती. ज्या गोष्टीमुळे खर्च झाला त्याच गोष्टीच्या नावावर तो लिहायचा. आपण घोडबंदर रोडवाले तर हे रोज जगतो, ठाणे ते सीएसएमटी एक तास असं कोणीही सांगेल, पण घरापासून स्टेशन गाठायलाच ट्रॅफिकमध्ये पाऊण तास जातो, ते धरल्याशिवाय आपण घराबाहेर पडतो का?

म्हणून माझं ऐका, ‘इतर’ कॉलम काढून टाका. प्रत्येक प्रवासाची एक ओळ करा, या हॉटेलच्या दारापासून त्या हॉटेलच्या दारापर्यंत, त्यात बॅग, बस, वेळ आणि ती रात्र कुठे झोपणार हे सगळं. तुमच्या फोटोत पण बुडापेस्ट-पॅरिस २२ युरो लिहिलंय. कुठल्या एअरपोर्टला, किती वाजता, सॅक धरून की न धरून, ते आधी बघा.

दुसरं, तुम्ही दोघं आहात तर डॉर्म विसरा. डॉर्म एकट्या माणसासाठी स्वस्त. आम्ही पॅरिसला डॉर्मचे ७६ भरले आणि त्याच गल्लीत दोघांची खोली ८८ ला होती, बुडापेस्टला तर खोली ४५ ला मिळाली. १२ युरोसाठी लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या ट्रिपमध्ये वरच्या-खालच्या बंकवर अनोळखी सहा जणांत झोपायचं याला मी बचत म्हणणार नाही. फक्त खोली घेताना किचन वापरता येतं का बघा, आम्ही एका वेळचं घरी करायचो, एका वेळचं बाहेर. ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, शनिवारीच दूध-ब्रेड-भाजी घेऊन ठेवा. पाणी नळाचं प्या, पॅरिसला हॉटेलात जेवताना नळाच्या पाण्याचा जग मागितला तर फुकट द्यावा लागतो, बाटली मागवलीत की बिलात आली.

कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं रुपयात की तिथल्या चलनात, दर वेळी तिथलंच चलन. रुपये निवडले की मशीनवाला स्वतःचा रेट लावतो.

हां, एक सांगायला हवं, व्हिएन्ना-पॅरिस नाइटजेट २०२५ च्या डिसेंबरात बंद झाली. म्हणजे माझा मार्ग जसाच्या तसा तुम्हाला मिळणार नाही. आणि खरंच छोटीच बॅग असेल, विमान दुपारी उतरत असेल आणि ओर्ली किंवा चार्ल्स द गॉलला उतरत असेल तर विमान स्वस्त पडू शकतं, ते मी नाकारत नाही. किंवा व्हिएन्नाहून म्युनिकपर्यंत दिवसाची गाडी, एक रात्र तिथे, मग पॅरिस, असंही बघा, तिकिटं दोन-तीन महिने आधी काढलीत तर निम्म्यात मिळतात. नवऱ्याची बाजू म्हणून हेही सांगते की जाताना प्रागला उतरायचं आणि परत पॅरिसहून निघायचं हे मल्टी-सिटी तिकीट त्याचीच कल्पना, त्यात एक उलटा प्रवास वाचला.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मार्चपासूनच अपॉइंटमेंट बघत बसा. जिथे सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, म्हणून रात्रींची वाटणी आधी पक्की करा. आणि अर्जाच्या आठवड्यात वडिलांकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकू नका, तशी एकदम आलेली रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये व्हिसावाल्यांच्या लगेच नजरेत येते.

भाजणी न्या, खूप उपयोगी पडली. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा, दुधाचं काही युरोपात नेऊ देत नाहीत.