सही कोणाची चालते?

प्रश्न : आईचं (वय 62) पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय. ती पूर्ण शुद्धीत आहे, तरी भरती करताना संमतिपत्रावर सही माझीच घेतली. फॉर्म इंग्रजीत, निम्म्या जागा कोऱ्या. हे चालतं का?

उत्तर : नाही. रुग्ण सज्ञान असेल आणि त्याला समजत असेल, तर संमती त्यानेच द्यायची. तुमची सही फार तर साक्षीदाराची. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2008 चा निकाल याच मुद्द्यावर आहे. एका महिलेने दुर्बिणीने फक्त तपासणीला होकार दिला होता. ती भुलीत असताना तिच्या आईला विचारून गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आलं असतं, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

आता आईची सही नव्याने घ्यायला सांगा, आणि ती गुंगीचं इंजेक्शन देण्याआधी. मराठी फॉर्म मागा. नसलाच, तर मराठीत कोणी समजावलं त्याचं नाव, तारीख, वेळ फॉर्मवर लिहून घ्या. ऑपरेशनच्या नावापुढे ‘दुर्बिणीने न जमल्यास पोट उघडून’ हेही हवं; पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटलेलं असेल तर अशी वेळ येते. धोक्यांमध्ये रक्तस्राव आणि पित्तनलिकेला इजा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. भूल आणि रक्त चढवणे यांची संमती वेगळी घेतात. ‘आवश्यक ते सर्व उपचार’ एवढ्या मोघम ओळीवर विसंबू नका. कोऱ्या जागांवर रेघ मारा.

समजावून सांगणं हे सर्जनचं काम. ऑपरेशनच्या सकाळी घाईत फॉर्म पुढे करणाऱ्या नर्सचं नव्हे. ‘ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?’ हा प्रश्न आईनेच सर्जनना विचारावा. सही झाल्यावरही भूल देईपर्यंत तिला नकार देता येतो. कागदपत्रांची प्रत लेखी मागितली, तर वैद्यक परिषदेच्या नियमानुसार 72 तासांत मिळायला हवी.

प्रश्न : गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

उत्तर : कायद्याने लागत नाही. 18 वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते; त्यासाठी ‘सी’ नमुन्याचा फॉर्म असतो. 18 खालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. अनेक दवाखाने तरीही नवऱ्याची सही मागतात. पुढे घरच्यांशी वाद नको, हे त्यामागचं कारण.